कंपनीतून आली तशी

त्या मंगळवारी सकाळी कंपनी एक फूटरेस्ट आणायला घराबाहेर पडला.

कंपनी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. साठीला टेकलेला हा माणूस जुन्या मोटारसायकली दुरुस्त करायचा, आणि कुठल्याही गाडीबद्दल त्याचं पालुपद एकच असायचं, की गाडी कंपनीतून आली तशीच दिसली पाहिजे. गिऱ्हाइकाने नटांना चकाकी मागितली तर म्हणायचा, कंपनीने काळे दिलेत, काळेच राहतील. कोणी आरामशीर सीटचा हट्ट धरला तर त्याला घरी जाऊन सोफ्यावर बसायला सांगायचा. शेवटी बाजाराने त्याचं नावच कंपनी ठेवलं, आणि मनातून त्यालाही ते आवडत होतं. बायको रागात असली की जेवायला वाढताना विचारायची, "आज कंपनी चालू आहे की बंद?"

जुन्या पार्टांचा दुकानदार गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये बसायचा. गेले पाच महिने कंपनी दर आठवड्याला त्याच्याकडे चक्कर टाकत होता. बाकी सगळं मिळालं होतं, एक डावा फूटरेस्ट काही मिळत नव्हता. त्या दिवशी मात्र त्याला पाहताच दुकानदाराने फळीमागून तेलकट कागदाचं एक पुडकं काढलं. उलगडलं तर आत तीच वस्तू. लोखंडावर कंपनीचा शिक्का, रबर जरा कडक पण अखंड, त्यावर कोणाच्या बुटाचा एक ओरखडा नाही.

"साठ वर्षं कागदातच आहे," दुकानदार म्हणाला. "कुठल्या गाडीला लावताय?"

"घरच्या."

दुकानदाराचा हात कागदावरच थांबला. घरची गाडी म्हणजे कुठली, हे त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तो जरा घुटमळला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "पोराने केली होती तशीच राहू द्यायची होती, काका."

"गाडी पोराची नाही. कंपनीची आहे," असं म्हणून कंपनीने पुडकं खिशात घातलं. परतताना वाटेत त्याने दोनदा ते चाचपून पाहिलं. लोखंड थंडगार होतं. डोक्यावर ऊन तापलेलं, अंगाला घाम, खिसा मांडीला चिकटलेला, तरी घरी पोचेपर्यंत ते तसंच थंड राहिलं.

आता त्या पोराबद्दल सांगायला हवं. कंपनीला एकच मुलगा. त्याचा डावा पाय जन्मापासून उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड होता. चालताना एक पाऊल दमदार पडायचं आणि दुसरं हलकं, जरा ओढलेलं. बूट शिवणाऱ्याने त्याच्या डाव्या बुटाला जाड तळ चढवून दिला होता, पण तो बूट कंपनीला कधी बघवला नाही. पोरगा लहान असताना तो त्याला अंगणात येरझाऱ्या घालायला लावायचा आणि म्हणायचा, "सरळ टाक पाय. मनात आणलंस तर येतं." मनात आणून हाडं लांब होत नाहीत, एवढी साधी गोष्ट त्या इंजिनं उकलणाऱ्या डोक्यात शिरत नव्हती. पोरगा मात्र स्वभावाने गोड होता. पडायचा, गुडघे झाडायचा आणि पुन्हा चालायचा.

मोठा झाल्यावर तो घरामागच्या वर्कशॉपमध्ये बापाच्याच हाताखाली लागला. हातात बापाचीच कला होती, डोकं मात्र स्वतःचं. बाप जुनं जपणारा, तर हा जुनं कापून त्यातून नवं काढणारा. बापाच्या बाजूच्या भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली होती आणि त्या आकृतीत तोच पाना टांगलेला असायचा. पोराच्या बाजूला सगळ्या हत्यारांचा मिळून एक ढीग. त्या ढिगातून त्याला हवं ते न बघता सापडायचं, हे बापाला जास्त झोंबायचं.

एकविसाव्या वर्षी बापाने त्याला आपली जीव की प्राण असलेली गाडी देऊन टाकली. गडद हिरवी, साठ वर्षांची, एक स्क्रूसुद्धा न बदललेली. पोराने ती तीन महिने ताडपत्रीआड ठेवली, आणि एके दिवशी बाहेर काढली तेव्हा बापाने दारातच बसकण मारली. चासीचा, म्हणजे सांगाड्याचा, मागचा भाग कापून सीट वीतभर खाली आणलेली. हॅन्डल मागे वळवलेलं. डावा फूटरेस्ट दोन बोटं वर उचललेला, त्याच्या जोडीने ब्रेकचं पेडलही वर. आणि या सगळ्यावर विटेसारखा लाल रंग.

"तू हिचा खून केलास," कंपनी म्हणाला. त्यानंतर दोन वर्षं बापलेक एका छपराखाली पाठीला पाठ लावून काम करत राहिले, पण बोलणं सगळं आईच्या मार्फत. कंपनी भिंतीकडे बघून म्हणायचा की कोणीतरी बारा नंबरचा पाना नेलाय. स्वयंपाकघरातून आई सांगायची, त्याच्या खिशात बघा. पोरगा पाना बाकावर ठेवायचा, बाप तो उचलायचा. शेजारीपाजारी हसायचे. आईही आधी हसली, पुढे तिचं हसणं आटत गेलं.

मग एका वळणावर चुकीच्या बाजूने ट्रक आला. गाडीला फारसं काही झालं नाही, पोरगा मात्र जागच्या जागी गेला. चूक ट्रकवाल्याची, असं कागदावर लिहून मिळालं, पण कंपनीने ते मानलं नाही. चासी कापली नसती तर गाडीने त्याला सांभाळलं असतं, असं तो भेटेल त्याला सांगत सुटला. खरं तर दोन वर्षांचं न बोललेलं त्याच्या घशात अडकलं होतं, आणि तोंडातून मात्र चासीचंच गाऱ्हाणं बाहेर पडत होतं.

पोरगा जाऊन तीन आठवडे झाले असतील. दिवेलागणीची वेळ होती. गाडी वर्कशॉपमध्ये ताडपत्रीखाली उभी होती आणि नवराबायको स्वयंपाकघरात चहा पीत बसली होती. आधी वर्कशॉपमधून टाकीच्या पत्र्यावर बोटांनी ठेका धरल्याचा आवाज आला. काम संपलं की पोरगा असाच ठेका धरायचा. मग अंगणातून पावलं वाजली. एक दमदार, एक हलकं, ओढलेलं. एक दमदार, एक हलकं. मोजून अठरा पावलं, आणि ती मागच्या दाराशी येऊन थांबली. ग्रीस काढायला तो जो लिंबाचा साबण वापरायचा, त्याचा वास दाराच्या फटीतून आत आला.

आईने कप खाली ठेवला. ती घाबरली नाही. हळूच म्हणाली, "हात धुऊन आलाय..."

दार उघडलं तर अंगणात कोणी नव्हतं. कंपनीने वर्कशॉपमध्ये जाऊन ताडपत्री वर केली, इंजिनाला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला.

त्यानंतर रोज संध्याकाळी तेच. पावलं यायची, उंबऱ्याबाहेर थांबायची, आत कधी यायची नाहीत. आई त्या वेळी मागचं दार उघडून तिथे स्टूल टाकून बसू लागली. पावलं थांबली की ती दिवसभराच्या गोष्टी सांगायची. नळाचा वॉशर गेला, शेजारणीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दूधवाला आता उशिरा येतो. उत्तर कधी आलं नाही. पण ती पोटभर जेवू लागली, केस विंचरू लागली. तिचा सगळा दिवस त्या अर्ध्या तासावर चालायला लागला होता.

कंपनी त्या अर्ध्या तासात आतल्या खोलीत जाऊन बसायचा. बोलायचं त्यालाही होतं. एकदा तो दारापर्यंत गेला, पण सुरुवात कुठून करावी ते त्याला सुचेना, आणि तेवढ्यात साबणाचा वास विरून गेला. त्याला फार लाज वाटली. माफी मागायची तर रिकाम्या हाताने कशी मागायची, असा विचार करता करता त्याला एकच उपाय सुचला, जो त्याला आयुष्यभर सुचत आला होता. गाडी वाकडी आहे म्हणून पोरगा अडकून पडलाय, गाडी कंपनीतून आली तशी केली की तोही मार्गी लागेल, असं त्याने बायकोला समजावलं.

"एवढंच उरलंय आपल्याकडे," ती म्हणाली. "हात नका लावू."

ती गाडीबद्दल बोलतेय असं त्याला वाटलं. त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी पाने काढले.

पहिल्या आठवड्यात त्याने लाल रंग खरवडून काढला. खाली कुठे कुठे जुना हिरवा सापडला, त्यावरून त्याने अचूक रंग बनवून घेतला. टाकीला पहिला हात दिला त्या संध्याकाळी पावलं आली, पण लिंबाच्या साबणाचा वास आला नाही. बायकोने तीनतीनदा श्वास ओढून पाहिला. पुढे हॅन्डल बदललं, तेव्हा टाकीवरचा ठेका बंद झाला. चासीला दुसऱ्या एका मेलेल्या गाडीचा मागचा भाग जोडला त्या दिवशी पावलं बाराच झाली. अंगणाच्या मधोमध, नळापाशी येऊन ती थांबली, दमल्यासारखी. बायको स्टुलावरून उठून नळापर्यंत गेली आणि तिथे उभी राहून बोलली. परत आली ती जेवली नाही.

कंपनीला हे दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, कळतही होतं, आणि तरी त्याचे हात थांबत नव्हते. अर्धी कापलेली आणि अर्धी कंपनीची, असला ना धड इकडचा ना धड तिकडचा प्रकार त्याच्या वर्कशॉपमधून कधी बाहेर पडला नव्हता. एकदा पूर्ण होऊ दे, मग सगळं जागेवर येईल, असं तो स्वतःला बजावत राहिला. काढलेले भाग तो भंगारवाल्याला देऊन टाकायचा आणि भंगारवाला ते ओतकामाच्या भट्टीकडे पाठवायचा. शेवटी गाडीवर पोराच्या हातचा एकच तुकडा उरला, तो उचललेला डावा फूटरेस्ट. तेव्हापासून पावलं फक्त आठ यायची. पण यायची. एक दमदार, एक हलकं.

तर त्या मंगळवारी दुकानदाराकडून घरी आल्यावर त्याने वेळ घालवला नाही. बायको बाजारात गेली होती. त्याने ग्राइंडरने पोराचं वेल्डिंग कापलं, ब्रेकचं पेडल मूळ जागी आणलं आणि नवा फूटरेस्ट बसवला. एवढा चपखल बसला की नट हातानेच फिरला. नेमका त्याच वेळी भंगारवाला हाक मारत गल्लीतून चालला होता. कंपनीने जुना तुकडा त्याच्या हातगाडीत टाकला, आत येऊन किक मारली, आणि सहा महिने बंद असलेलं इंजिन पहिल्याच किकला सुरू झालं. आवाज अगदी कंपनीचा. कितीतरी दिवसांनी त्याला बरं वाटलं.

इंजिन बंद केलं तेव्हा बायको वर्कशॉपच्या दारात पिशवी घेऊन उभी होती. ती गाडीच्या डाव्या बाजूला बघत होती.

"तो फूटरेस्ट मी धरला होता," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"त्याने लावला तेव्हा. तो सीटवर बसायचा, मी खाली बसून त्याच्या पायाखाली धरायची. अजून थोडा वर, आई... अजून थोडा... तीन दिवस चाललं होतं आमचं." तिने पिशवी खाली ठेवली. "सीट खाली का आणली, माहितीय? गाडी थांबली की डावा पाय जमिनीला टेकत नव्हता त्याचा. दोनदा पडला होता."

कंपनीच्या हातात अजून पाना होता. तो कुठे ठेवावा हे त्याला कळेना. "मला का नाही सांगितलं?"

"मी सांगणार होते. तोच म्हणाला, नको. बाबा म्हणतील, मनात आणलंस तर टेकतो."

पाना तसाच हातात धरून कंपनी धावत सुटला. साठीचा माणूस, पण तीन गल्ल्या त्याने श्वास न घेता ओलांडल्या. भंगारवाला रिकामी हातगाडी धुवत होता. दुपारचा टेम्पो आज लवकर आला, सगळा माल भट्टीत गेला, असं त्याने सांगितलं. कंपनी भट्टीपर्यंतही गेला. तिथल्या माणसाने त्याला लांबून कढई दाखवली. आत सगळं एकजीव होऊन लालभडक उकळत होतं.

दिवेलागणीला तो परतला आणि दुसरं स्टूल घेऊन बायकोशेजारी दाराशी बसला. पहिल्यांदाच. वाटेत त्याने एक वाक्य जुळवलं होतं. तुझा पाय टेकत नाही हे मला दिसायला हवं होतं, एवढंच. आठ पावलं येवोत, चार येवोत, ते वाक्य तो आज म्हणणार होता.

अंधारलेल्या वर्कशॉपमधून पहिलं पाऊल वाजलं. दमदार. बायकोने त्याचा हात धरला. मग दुसरं वाजलं, तेही दमदार. मग तिसरं. एकसारखी, एका मापाची, घाई नसलेली पावलं अंगणातून येऊ लागली. नळापाशी ती थांबली नाहीत.

"दोन्ही पाय सारखे पडतायत..." बायको पुटपुटली. "अहो... हा आपला नाही."

कंपनीच्या ओठांवरचं वाक्य तिथेच राहिलं. पावलं उंबऱ्यापर्यंत आली, आणि उंबराही त्यांनी ओलांडला. दोघांच्या मधून काहीतरी गेलं आणि जाताना तेलकट कागदाचा, न वापरलेल्या रबराचा वास आला. मग स्वयंपाकघराच्या फरशीवर ती पावलं उभी राहिली. पुढे काहीच वाजलं नाही. कोणीतरी खोलीभर नजर फिरवत असावं, एवढा वेळ गेला.

दुसऱ्या दिवसापासून कंपनीने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते करायला घेतलं. त्याने लोखंडी दांडा कापून पोरासारखा फूटरेस्ट बनवला आणि दोन बोटं वर वेल्ड केला. रंगाची कड बिघडली, चासीवर ठिणग्या उडाल्या, त्याने पर्वा केली नाही. सकाळी पाहिलं तर फूटरेस्ट कंपनीच्या जागी होता. वेल्डिंगचा मागमूस नाही, हिरवा रंग अखंड, वर कंपनीचा शिक्का. त्याने पुन्हा कापला, पुन्हा वर जोडला. तीन दिवस तेच. चौथ्या दिवशी त्याने गाडीच ढकलत नेऊन दुकानदाराच्या शेडमध्ये टाकली. त्या संध्याकाळी पावलं अंगणातून आली नाहीत. ती माजघरातूनच निघाली.

मग घरातल्या वस्तू बदलू लागल्या. आधी वर्कशॉपमधला पोराचा ढीग गेला. त्याच्या बाजूच्या भिंतीवर पान्यांच्या आकृत्या रंगवलेल्या होत्या आणि प्रत्येक आकृतीत तोच पाना टांगलेला होता. दोन दिवसांनी पलंगाखालचा त्याचा डावा बूट निघाला. जाड तळ कापून तो उजव्या बुटाएवढा केलेला होता. कडा कानशीने घासून गोल केल्या होत्या, आणि चामड्याचा भुसा शेजारी वर्तमानपत्रावर नीट गोळा करून ठेवला होता. काम इतकं सफाईदार होतं की कंपनीने बाजारात दुसऱ्या कोणाच्या हातचं पाहिलं असतं तर वाहवा केली असती. तो बूट छातीशी धरून तो पोराच्या पलंगावर बसला आणि ढसाढसा रडला. सरळ टाक पाय, असं म्हणणारा स्वतःचाच आवाज त्याला आठवत होता.

रडणं ओसरलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की बायको स्वयंपाकघरात गुणगुणतेय.

गेल्या कित्येक दिवसांत तिने धड जेवण केलं नव्हतं, आणि आता ती खिडकीतल्या उन्हात बसून भाजी निवडत होती. गाल भरलेले, डोळे स्वच्छ. त्याला बघून ती चहा टाकायला उठली. आणि उठताना तिने ओटीपोटाला हात लावला नाही. चोवीस वर्षांची सवय होती ती. पोरगा पोटात आडवा होता, डॉक्टरांनी पोट कापून त्याला बाहेर काढलं होतं, आणि तेव्हापासून कुठूनही उठताना ती त्या टाक्यांवर तळहात दाबून धरायची.

"दुखत नाही का आज?" त्याने विचारलं.

"काय दुखत नाही?"

"पोटाचे टाके..."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग जवळ आली, त्याचा हात घेतला आणि लहान मुलाची समजूत काढावी तसा आपल्या पोटावर, कापडाच्या आत ठेवला. कंपनीच्या बोटांना तो व्रण पाठ होता. बोटं इकडून तिकडे फिरली. कातडी गुळगुळीत होती, तरुण, कधीही न उघडलेली.

"अगं, पोराच्या वेळचे..." त्याने पुन्हा चाचपून पाहिलं.

"कुठल्या पोराच्या?" तिने विचारलं. त्यात चेष्टा नव्हती, राग नव्हता. उलट त्याची कीव आल्यासारखी ती मऊ आवाजात म्हणाली, "आपल्याला झालं असतं, तर मला आठवलं नसतं का हो?"

तो मटकन खाली बसला. तीही त्याच्या शेजारी बसली आणि त्याच्या हातावरून हात फिरवू लागली. त्याच्या उजव्या हाताला, कोपराच्या खाली, भाजल्याचा एक लांबट डाग होता. पोरगा चार वर्षांचा असताना तापलेल्या सायलेन्सरला हात लावायला झेपावला, तेव्हा कंपनीने मध्ये स्वतःचा हात घातला होता. बायकोचा अंगठा त्या डागावर येऊन थांबला.

"हे राहिलंय अजून," ती माजघराकडे बघत म्हणाली. "त्यांना आज वेळ नाही झाला. उद्या बघतो म्हणाले."

कंपनीने हात ओढून घेतला, बाही खाली केली आणि मनगटाशी बटण लावलं. मग पोराच्या खोलीत जाऊन त्याने दार लावून घेतलं आणि तो मोठ्याने घोकू लागला. चार वर्षांचा होता, गाडी तापलेली होती, मी मध्ये हात घातला. चार वर्षांचा होता, गाडी तापलेली होती. सगळी संध्याकाळ त्याने तेवढंच म्हटलं, सकाळीही तेच म्हणत होता. दुपारी बायकोने चहा आणून दारावर टकटक केली तेव्हा तो जरा अडखळला. बाहीच्या आत बारीक कानस फिरत असल्याची खरखर सुरू झाली होती, आणि दुखत मात्र अजिबात नव्हतं.